पाच फूट उंचीला लांब पल्ल्याची रिकंबंट कशी निवडावी?

प्रश्न कर्वेनगरच्या एका ताईंचा आहे. उंची १५३ सेमी, वजन ५२ किलो. साध्या सायकलवर दोन-तीन तास झाले की मान आणि मनगटं भरून येतात, म्हणून त्यांनी रिकंबंट, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे टाकून चालवायची सायकल, घ्यायचं ठरवलं आहे. ताम्हिणीने माणगावला उतरायचं आणि पुढे सागरी रस्त्याने, सगळं सामान स्वतःच्याच सायकलवर लादून, गोव्यापर्यंत जायचं असा बेत आहे. बंगळुरूत एक वापरलेली रिकंबंट विकायची आहे. दोन्ही चाकं २६ इंची, सीट जमिनीपासून ६३ सेमीवर. विकणाऱ्याचं म्हणणं, ‘बूम आत ढकलला की कुणालाही बसते.’ ती घ्यावी का, आणि ती नाही तर कोणती, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, ही घेऊ नका. सायकलमध्ये काही खोट नसेलही. पावणेसहा फुटी माणसाला मोकळ्या सपाट रस्त्यावर ती मस्त पळेल. पण ६३ सेमीच्या सीटवर बसून तुमचे पाय जमिनीला नीट टेकणार नाहीत. आणि सामान लादलेल्या सायकलवर पाय न टेकणं म्हणजे प्रत्येक सिग्नलला, आडव्या आलेल्या प्रत्येक म्हशीला, घाटात चुकलेल्या प्रत्येक गिअरला आडवं होण्याची भीती. साध्या सायकलवर थांबताना आपण सीटवरून पुढे उतरून दांडीवर पाय फाकून उभे राहतो. रिकंबंटवर ती सोय नाही. तिथे बसल्या जागेवरूनच पाय खाली जायला हवा.

विकणारा बूमबद्दल सांगतो ते खरं आहे, पण त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही. बूम म्हणजे पुढची नळी, जिच्या टोकाला पेडलं असतात. तो आत-बाहेर सरकतो आणि पाठीपासून पेडलपर्यंतचं अंतर जुळवतो. सीट ते जमीन हे अंतर फ्रेम आणि चाकं ठरवतात. ते कारखान्यातून येतं तसंच राहतं. लहान चणीच्या माणसाला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पाय पेडलपर्यंत पोचणं, पाय जमिनीपर्यंत पोचणं, आणि गुडघ्या-पंजांच्या वरून पुढचा रस्ता दिसणं. विकताना पहिलीच दाखवली जाते, कारण ती पाना फिरवून जमते. माझ्याकडे रिकंबंट जुळवून घ्यायला जे येतात त्यांचं दुखणं जवळजवळ नेहमी दुसरं किंवा तिसरं असतं.

मापांची ही ओढाताण का, याला थोडा इतिहास आहे. १९३३ साली फ्रान्सिस फॉर या रेसरने शार्ल मोशेने बनवलेल्या रिकंबंटवर पॅरिसला एका तासात ४५ किमीहून जास्त अंतर तोडलं आणि जुना विक्रम मोडला. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने रेसच्या सायकलची व्याख्याच अशी केली की ही जात स्पर्धांमधून बाहेर पडली. माझ्या मते आजची अडचण तिथून सुरू होते. स्पर्धा नाहीत म्हणून मोठा खप नाही, खप नाही म्हणून वेगवेगळी मापं काढणं परवडत नाही. साधी सायकल चार-सहा मापांत मिळते. रिकंबंट बऱ्याचदा एकाच फ्रेममध्ये येते आणि सगळ्या उंच्यांचा भार त्या सरकत्या बूमवर पडतो. फ्रेम आखणारे जर्मन, डच, झेक, अमेरिकन. आपल्याकडे पाच-सव्वापाच फूट ही रोजची उंची. त्यांच्या मापपट्टीवर ती अगदी टोकाला जाते.

तेव्हा कुठलाही कॅटलॉग उघडण्याआधी घरी दोन मापं घ्या.

पहिलं पायाचं. सायकल चालवताना घालता तेच बूट घाला. फरशीवर बसा, कंबर पार मागे नेऊन पाठ भिंतीला चिकटवा, पाय समोर सरळ करा, गुडघे फरशीकडे दाबा. कुणाला तरी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक तळव्यांना उभं टेकवून धरायला सांगा आणि भिंतीपासून पुस्तकापर्यंत टेप लावा. रिकंबंटवाले याला एक्स-सीम म्हणतात. चांगला उत्पादक आपल्या सायकलला कमीत कमी किती एक्स-सीम किंवा किती लांबीचा पाय लागतो ते सांगतो. १५३ सेमी उंचीला हे माप ९५ सेमीच्या आगेमागे येतं. पण धड लांब की पाय लांब यावर चार-पाच सेमी सहज इकडेतिकडे होतात, म्हणून उंचीवरून अंदाज बांधू नका. एकाच उंचीच्या दोन सख्ख्या बहिणींना वेगवेगळा बूम लावावा लागतो. शिवाय सगळे उत्पादक एकाच पद्धतीने मोजत नाहीत. सीट किती मागे झुकवलेली होती आणि क्रँक (पेडलचा दांडा) केवढा होता, हे विचारूनच त्यांचा आकडा स्वतःच्या आकड्याशी ताडून बघा.

दुसरं माप जमिनीचं. घरात प्लास्टिकचं स्टूल असतंच, साधारण ४५ सेमीचं. ते भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, मागे उशी लावा म्हणजे पाठ तिरकी टेकेल, आणि वर रद्दीचे घट्ट बांधलेले गठ्ठे ठेवत उंची वाढवत न्या. कुणीतरी स्टूल धरून ठेवा, गठ्ठा सरकतो. बूट घालून बसा, पाय थोडे पुढे टाकून टेकवा. टाच कधी उचलली जाते ते पाहा, मग नुसते चवडे कुठपर्यंत पुरतात ते पाहा. नंतर एकाच पायावर भार देऊन बघा, कारण सिग्नलला सायकल कलली की नेमकं तेच करावं लागतं. मांडीखाली काठ रुततो का हेही इथेच कळेल. रिकंबंटची सीट पुढच्या बाजूला उचललेली आणि रुंद असते. मांड्या फाकतात आणि तुमच्या हिशेबातले दोन-तीन सेमी तिथेच खर्च होतात.

माझा अनुभव असा: तुमच्या उंचीला ५० सेमीपर्यंतची सीट निर्धास्त, ५५ पर्यंत सवयीने जमते, त्यापुढे सामानासकट नको. जाळीची सीट माणूस बसल्यावर दोनेक सेमी खाली जाते, सस्पेन्शन असेल तर आणखी थोडी. म्हणून विचारताना ‘माणूस बसल्यावर सीट किती उंच’ असं विचारा, आणि ज्या माणसाला बसवून मोजलं त्याचं वजनही. ८० किलोच्या माणसाखाली सायकल जेवढी दबते तेवढी ती तुमच्याखाली दबणार नाही.

आता नजर. छोट्या व्हीलबेसच्या, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर कमी असलेल्या, रिकंबंटमध्ये पेडलं सीटपेक्षा वर असतात, काहींमध्ये वीत-दीडवीत. मागे रेललं की डोळे खाली येतात आणि गुडघे, पंजे, हँडल यांच्याआड रस्ता जातो. लांब धडाचा माणूस त्यावरून पाहतो. धड लहान असेल तर समोरचा दहा-बारा मीटरचा पट्टा दिसेनासा होतो, आणि पुण्यात नेमका तोच पट्टा लागतो: डांबराच्या थरांखाली गेलेलं ड्रेनेजचं झाकण, उखडलेला पेव्हर ब्लॉक, पट्टे न मारलेला गतिरोधक. साध्या सायकलवर आपण खड्ड्यावर सीटवरून उचलले जातो. इथे उठता येत नाही, दणका थेट पाठीत बसतो. म्हणून खड्डा आधी दिसलाच पाहिजे.

सायकल बघायला जाल तेव्हा हे करा. तिच्यावर बसा, कुणीतरी मागून धरू द्या, पेडलं उलटी फिरवत राहा. समोर रस्त्यावर एक चप्पल ठेवायला सांगा आणि ती हळूहळू जवळ आणायला लावा. चप्पल पंजांआड जाते ते अंतर मोजा. सहा-सात मीटरच्या आत येईपर्यंत ती दिसत राहिली पाहिजे. त्याआधीच गेली तर सीट उभी करून परत बघा. आडव्या रेषेशी ४० ते ४५ अंशांपर्यंत सीट उभी होत असेल तर बरंच काम होतं. तरीही दिसत नसेल तर ती सायकल तुमची नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

क्रँकच्या लांबीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण लहान चणीच्या चालकाचं एवढं भलं दुसऱ्या कुठल्याच भागाने होत नाही आणि याकडेच कुणी बघत नाही. रिकंबंटवर बहुधा १७० मिमीचा क्रँक येतो. तो काढून १५० चा लावा आणि काय होतं ते पाहा. पेडलचं सगळ्यांत लांबचं टोक २ सेमीने जवळ येतं. म्हणजे ज्या सायकलला कमीत कमी ९७ चा एक्स-सीम लागत होता ती ९५ ला बसते. जवळचं टोक २ सेमीने दूर जातं; म्हणजे गुडघा तेवढा कमी दुमडतो आणि चढावर गुडघ्याच्या वाटीवर येणारा ताण कमी होतो. पंजा सगळ्यांत वर असताना २ सेमी खाली राहतो, म्हणजे रस्ता जास्त दिसतो. गुडघे हँडलला लागत असतील तर तेही थांबतं. एवढं सगळं एका बदलाने. याची किंमत एकच: तरफ आखूड झाल्यामुळे तेवढ्याच चढाला पेडलवर साधारण १३ टक्के जास्त जोर लागतो. तो गिअर खाली आणून भरून काढायचा, त्याचा हिशेब पुढे देतो.

१५० किंवा १५५ चे क्रँक पुण्यात दुकानातून लगेच हातात पडत नाहीत, मागवावे लागतात. घाई असेल तर चांगला लेथवाला भरीव, घडीव क्रँकमध्ये आतल्या बाजूला नवं भोक पाडून आटे मारून देतो. पेडलचे आटे ९/१६ इंच, इंचाला २०, आणि डाव्या पेडलचे उलटे, हे त्याला कागदावर लिहून द्या. पोकळ क्रँकवर किंवा ज्याला मागून पन्हळ आहे अशा क्रँकवर हे मुळीच करू नका. तो घाटात तुटला तर पाय थेट रस्त्यावर जाईल.

बूम आत घेतला की चेनही कापावी लागते. बूम १ सेमी आत म्हणजे चेन २ सेमीने जास्त, कारण ती वरून जाते आणि खालून परत येते. चार सेमी आत घेतलात तर सहा कड्या निघतील. त्या फेकू नका, हत्यारांच्या पिशवीत ठेवा.

बंगळुरूच्या सायकलला नकार देण्याचं आणखी एक कारण पुढच्या चाकात आहे. छोट्या व्हीलबेसमध्ये पुढचं चाक तुमच्या सीटच्या आणि पेडलांच्या मधोमध असतं. बूम जितका आत, तितके पाय चाकाजवळ. २६ इंची चाकावर आखूड पायाच्या माणसाची टाच वळताना टायरला घासते. वेगात वळण मोठं असतं तेव्हा हे जाणवत नाही. हळू, तंग वळणावर घासते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा तोल आधीच डळमळत असतो. पुढचं चाक २० इंची असलं की हा प्रश्न बराचसा मिटतो, आणि मागचंही २० इंची असलं तर सगळी सायकलच खाली येते. उंचीने लहान चालकाने दोन्ही चाकं २० इंची असलेली सस्पेन्शनवाली रिकंबंट सगळ्यांत आधी बघावी. एचपी वेलोटेक्निकची ग्रासहॉपर आणि अझुबची मिनी या त्या जातीच्या. पहिली जर्मन, दुसरी झेक. एचपी वेलोटेक्निकचीच स्ट्रीट मशीन लांबच्या प्रवासाला नावाजलेली आहे, पुढे २० आणि मागे २६. ती मिळत असेल तर वर सांगितलेली स्टुलाची परीक्षा आधी द्या, नाव बघून पैसे देऊ नका.

लांब व्हीलबेसच्या रिकंबंट, ज्यांत पेडलं पुढच्या चाकाच्या मागे आणि खाली असतात, त्या खरं तर तुमच्या उंचीला छान. पाय सपाट टेकतात, रस्ता सगळा दिसतो. पण त्या लांबीला फार असतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाहीत, रेल्वेच्या पार्सल डब्यात चढवताना जीव खातात आणि कोकणातल्या गल्लीत वळत नाहीत. बंगला असेल, दाराशीच ठेवायची असेल, तर जरूर विचार करा.

सस्पेन्शन म्हटलं म्हणजे तुमच्यासाठी काम झालं असं समजू नका. स्प्रिंग बहुधा ७५-८० किलोच्या माणसाला धरून बसवलेली असते. ५२ किलोच्या माणसाखाली ती हलतच नाही. वजनाचे पैसे द्यायचे, वजन चढावर ओढायचं आणि दणका तो तसाच खायचा. तपासायची रीत सोपी आहे. शॉकच्या दांड्यावर रबराचं कडं किंवा दोऱ्याची सैल गाठ सरकवून बुडाशी आणा. सामान लावून सावकाश बसा, तसंच सावकाश उतरा. गाठ किती सरकली ते बघा: शॉक जेवढा दबू शकतो त्याच्या साधारण पाव भाग सरकली पाहिजे. नुसती हललीच असेल तर नरम स्प्रिंग मागवा. नवी घेताना वजन सांगितलंत तर चांगले उत्पादक स्प्रिंग बदलून देतात. हवेचा शॉक असेल तर हवा कमी करून भागतं.

आता गिअर. तुमचं वजन ५२, सायकल धरा १८, सामान १५. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त ओझं तुम्ही ओढणार. ८० किलोच्या माणसाला हेच ओझं चाळीस टक्के पडतं. त्याला पुरणारे गिअर तुम्हाला पुरणार नाहीत, आणि रिकंबंटवर उभं राहून पेडल मारता येत नाही. गिअर मोजायला मागच्या चाकाचे इंच गुणिले पुढच्या सगळ्यांत लहान चकतीचे दाते, भागिले मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीचे दाते. २६ इंची चाक, पुढे ३०, मागे ३२ असेल तर २४ च्या वर उत्तर येतं. ताम्हिणीत हे तुम्हाला रडवेल. २० इंची चाकाला पुढे ३० आणि मागे ३४ लावले तर साडेसतरा येतं. बघा, इथेही लहान चाक तुमच्या बाजूने आहे. १५० च्या क्रँकवर १८ चा गिअर पायाला १७० च्या क्रँकवरच्या २०.४ सारखा लागतो, म्हणून मी तुम्हाला १८ च्या वर थांबायला सांगणार नाही.

पण १८ च्या गिअरवर मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी पाचच किमी होतो. एवढ्या मंद वेगात दोन चाकी रिकंबंट सरळ ठेवणं कठीण आहे. सवयीने जमतं, पण सामान, चढ आणि बाजूने जाणारी एसटी हे तिन्ही एकदम आलं की चांगले चांगले उतरून ढकलतात. बाणकोटच्या खाडीपासून जयगडपर्यंतचा रस्ता तुम्ही नकाशावर बघितलाच असेल. प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीला उतरायचं आणि लगेच जांभ्याच्या सड्यावर चढायचं. चढ लांबीला थोडे, पण उभे. ताम्हिणीपेक्षा ते जास्त दमवतात.

म्हणून तुमच्या या प्रवासासाठी मी तीन चाकी ट्राइककडे झुकतो, पुढे दोन चाकं आणि मागे एक. तिथे जमिनीला पाय टेकायचा प्रश्नच राहत नाही, कारण पाय टेकायचाच नसतो. ताशी तीन किमीने चढा, मध्येच थांबा, पाणी प्या, त्याच चढावर पुन्हा निघा. कॅट्राइकची पॉकेट ही लहान चणीच्या चालकांसाठीच केलेली. आइस या कंपनीची अ‍ॅडव्हेंचर आणि एचपी वेलोटेक्निकची स्कॉर्पियन या लांब पल्ल्याच्या. अ‍ॅडव्हेंचरची सीट आइसच्याच स्प्रिंटपेक्षा उंच असते, रहदारीत त्याचा फायदा होतो. बूमचं माप मात्र इथेही लागतंच, आणि बूम पूर्ण आत घेतल्यावर टाच आडव्या दांड्याला लागत नाही ना, हे पेडल फिरवून बघा.

ट्राइकच्या अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. रुंदी ८० सेमीच्या आसपास. तुमच्या लिफ्टचं दार, जिन्याखालची जागा, पार्किंगचं फाटक हे सगळं टेपने मोजा. तीन चाकांच्या तीन वाटा, त्यामुळे खड्डा चुकवणं अवघड. एक चाक चुकवलं की दुसरं जातं. डोकं खाली, ट्रकवाल्याला दिसायला उशीर. उंच काठीवर झेंडा आणि दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा हवाच. कर्वे रस्त्याला संध्याकाळी सहा वाजता ट्राइक मी सुचवणार नाही. रविवारी पहाटे चांदणी चौकातून पौडच्या दिशेला निघालात तर ठीक. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे हे तुम्हाला माहीत आहेच, तुमची वाट त्या बाजूला जातही नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून हलक्यात घेऊ नका. ट्राइकवर पाय पेडलला बांधलेला असलाच पाहिजे, क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घाला नाहीतर टाचेला धरणारे पट्टे लावा. उतारावर पंजा पेडलवरून घसरून जमिनीला लागला तर ट्राइक पुढे जात राहते आणि पाय सीटखाली ओढला जातो. घोटा मोडतो, गुडघा पिळवटतो. आखूड पाय पेडलवर ताणून ठेवावा लागत असेल तर घसरायची शक्यता जास्त. बूमचं माप बरोबर असणं इथे सुरक्षिततेचा भाग आहे.

सीट जाळीची घ्या. आपल्या एप्रिल-मेमध्ये पाठीला वारा लागतो, आणि पावसात भिजली तरी लवकर वाळते. टणक कवचाची सीट घ्यायचीच असेल तर ती लहान मापाचीच हवी. मोठ्या मापात कमरेचा बाक तुमच्या पाठीच्या मधोमध येतो आणि मानेचा आधार डोक्याच्या वर जातो. तुमची तर मानच दुखते आहे. हँडल सीटच्या खालून येणारं असलं तर हात खाली सैल राहतात, मनगटांना आराम. गुडघ्यांवरून येणारं असेल तर दांडा पुढे-मागे आणि कोनात बदलता येतो का पाहा. आखूड हातांना पुढे ताणावं लागलं तर खांदे भरतात आणि आपण होतो तिथेच येतो.

सामान सीटच्या खाली, दोन चाकांच्या मधोमध जितकं येईल तितकं आणा. मागच्या कॅरिअरवर सगळं लादलं तर छोट्या व्हीलबेसचं पुढचं चाक चढावर हलकं होतं आणि हँडल हातात उरत नाही. हलक्या चालकाला हे लवकर जाणवतं. तुमच्या वाटेवर बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी आहेत. त्यांच्या धक्क्यांचे उतार ओले आणि निसरडे असतात. तिथे उतरून ढकलावं लागतं, तेही मागून येणाऱ्या गाड्यांच्या घाईत. हाताचा ब्रेक अडकवून ठेवायची सोय आहे का, हे ट्राइक घेताना नक्की बघा.

विकणाऱ्याकडून, कुठल्याही, चार गोष्टी लेखी मागवा: कमीत कमी एक्स-सीम, माणूस बसल्यावर सीटची उंची, क्रँकवर आतल्या बाजूला कोरलेला आकडा, आणि दोन्ही टायरांच्या बाजूवरचा आकडा. सोबत बूम पूर्ण आत असलेला एक फोटो. परदेशातून मागवत असाल तर भाडं, कस्टम ड्युटी आणि कर धरून पूर्ण रक्कम आधी काढा, नाहीतर नंतर क्रँक आणि स्प्रिंगला पैसे उरत नाहीत. सायकल आली की लगेच घाट धरू नका. पाठीवर रेलून पेडल मारायला पायांचे वेगळे स्नायू लागतात, ते तयार व्हायला काही आठवडे जातात. आधी खडकवासला, मग पानशेत, मग मुळशी.

टायरचा आकडा का मागवायचा, तर ‘२० इंची’ हे नाव दोन वेगवेगळ्या चाकांना आहे, ४०६ आणि ४५१ (टायर जिथे बसतो तिथला रिमचा व्यास, मिमीत). तुम्हाला ४०६ हवं. मुलांच्या जाड टायरच्या २० इंची सायकली त्याच मापाच्या असतात, त्यामुळे श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा गावांत साध्या सायकल दुकानातही ट्यूब मिळून जाते. २६ इंचीचंही तसंच: माउंटन बाइकचं ५५९, आणि आपल्या जुन्या २६ × १-३/८ चं ५९०, एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. बाहेरून आलेल्या बऱ्याच रिमांना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं भोक असतं आणि आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह त्यात जात नाही. निघण्याआधी पुण्यातच ते भोक साडेआठ मिमीचं करून, कडा कानशीने घासून घ्या. रिम फार अरुंद असेल तर तसं करू नका, प्रेस्टाच्या जास्तीच्या ट्यूब बरोबर ठेवा.